वशिल्याची बरणी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या बोळात एक दार आहे. त्यावर पाटी नाही, कारण पाटी वाचून उत्साहानं आत यावं असं तिथं काही नाही. आत स्टीलचं लांब टेबल, टेबलाच्या टोकाला बेसिन, डोक्यावर पांढराफटक दिवा आणि हवा बाहेर ओढणारा एक पंखा, जो गेली कित्येक वर्षं 'उद्या माणूस पाठवतो' या आश्वासनावर फिरतो आहे. ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून जे काढतात ते सडू नये म्हणून फॉर्मालिनच्या बरणीत बुडून या खोलीत येतं. आणि या खोलीत असतात मामा.

मामा कुणाचेच मामा नाहीत. त्यांना बहीणच नाही. तरी वॉर्डातल्या मावशींपासून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या सर्जनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. घरी मामी एरवी 'अहो' म्हणतात, पण चिडल्या की 'काय मामा' म्हणतात, आणि मग त्या दिवशी मामा चहासुद्धा स्वतःच करून घेतात.

मामांचं काम सांगायला सोपं आहे आणि करायला महाकठीण. जठराचा कर्करोग झाला आणि जठर काढलं, की त्याला चिकटून चरबीचा एक पदर येतो. त्या चरबीत छोट्या ग्रंथी लपलेल्या असतात. कुठली वाटाण्याएवढी, कुठली मसुरीएवढी, कुठली तिळाएवढी. रोग जठरातून बाहेर पडायला निघाला की आधी या ग्रंथींमध्ये जाऊन बसतो. म्हणून एकूण किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या कितींत रोग सापडला, यावरून आजार कुठवर गेलाय ते ठरतं. निदान सोळा तरी बघाव्यात असा दंडक आहे. पाचच बघून 'सगळ्या स्वच्छ' असं लिहिणं म्हणजे एका खोलीत डोकावून अख्ख्या घरात चोर नाही म्हणण्यासारखं आहे. डॉक्टर मंडळी या ग्रंथींना 'नोड' म्हणतात. मामा म्हणतात दाणे, आणि मामांमुळे आता सगळा विभागच दाणे म्हणतो.

दाणे शोधायचे ते बोटांनी. चरबीचे पातळ काप करायचे, एकेक काप अंगठा आणि दोन बोटांत धरायचा, डोळे मिटायचे आणि चाचपायचं. चरबी बोटाखालून सरकते. दाणा जरासा अडतो. तो अडला की मामांच्या भुवया वर जातात. ही विद्या ते कुठल्या वर्गात शिकलेले नाहीत. त्यांच्या आईची नजर ऐन चाळिशीत अधू झाली, तेव्हा ती परातीत तांदूळ पसरून नुसत्या बोटांनी खडे काढायची आणि छोटे मामा शेजारी बसून डोळे मिटून तिची नक्कल करायचे. ती नक्कल पुढे चौतीस वर्षं पोटाला पुरली. नव्या डॉक्टरांना मामांचं हे ध्यान लावणं बघून हसू यायचं. मग ते स्वतः तासभर चाचपून सहा दाणे काढायचे, आणि त्याच चरबीतून मामा आणखी दहा काढून त्यांच्यापुढे ठेवायचे. त्यानंतर कुणी हसायचं नाही.

बाकी मामा काही देवमाणूस नव्हेत. बिस्किटांचा डबा कुलपात ठेवतात. त्यांच्या सुरीला दुसऱ्यानं हात लावला की दिवसभर कुरकुरतात. आणि त्यांना गर्व आहे. तो बोटांचा नाही, पट्टीचा.

पट्टीची गोष्ट अशी. प्रत्येक बरणीबरोबर एक कागद येतो. त्यावर नाव, वय, नंबर, कुठला अवयव, आधी काय औषध दिलं, असं सगळं असतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका कागदावर मामांना आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं नाव दिसलं. त्या दिवशी डोळे सारखे भरून येत राहिले आणि हाताला एक दाणा धड लागेना. तेव्हापासून मामांनी जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापून ठेवली आहे. नाव आणि नंबर जुळवायचं काम विभागाच्या डॉक्टर मॅडमचं. त्यांनी ते केलं की कागदावर पट्टी बसते, नाव आणि वय झाकून टाकते, आणि मगच मामा टेबलाशी येतात. "नाव कळलं की हात बिघडतो," असं त्यांचं म्हणणं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते छाती काढून सांगतात, "मोठा साहेब असो नाहीतर हमाल, माझ्याकडे येतो तो नंबर. इथं वशिला चालत नाही."

आता कधीकधी ऑपरेशनच्या आधीच रोग्याला दोन-तीन महिने औषध देतात. त्यानं रोग आकसतो, पण दाणेही आकसतात. सुकतात, चरबीसारखेच मऊ पडतात, काही तर नाहीसे होतात. अशा बरणीत कधी दहा-अकरावर गाडी अडली, की मामा हातमोजे काढत म्हणायचे, "बाकीचे औषधानं खाल्ले." मॅडम मान डोलवायच्या, कारण बहुतेक वेळा ते खरंच असायचं. कागदावर तसं लिहिता येतं. कुणी जाब विचारत नाही. मामा झाकण लावायचे आणि चहाला जायचे.

हे वाक्य लक्षात असू द्या. आपल्याला आधी व्याह्यांकडे जायचं आहे.

मामांच्या एकुलत्या एका मुलीचे सासरे घड्याळं दुरुस्त करतात. बाजाराच्या कोपऱ्यावर एवढंसं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर बशीत मोहरीएवढे स्क्रू. लग्न ठरलं त्या दिवसापासून दोघा व्याह्यांची जुंपली ती जुंपलीच. कुणाची बोटं जास्त बारीक कामाची, यावर दर रविवारी वाद. एकदा भर जेवणात घड्याळवाले व्याही म्हणाले, "बोटं तुमचीही चांगली, माझीही चांगली. पण व्याहीबुवा, माझ्या हातातलं घड्याळ चालायला लागतं. तुमच्या हातातलं कधी चाललं का?" जावयाला ठसका लागेपर्यंत सगळे हसले. मामा त्याचं उत्तर अजून शोधताहेत, आणि या गोष्टीला आता सहा वर्षं झाली.

मामांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ आहे. ते एकदा बंद पडलं तेव्हा व्याह्यांनी दुरुस्त करून दिलं, आणि न विचारता सात मिनिटं पुढे लावून दिलं. मामा सगळीकडे पाच मिनिटं उशिरा पोचतात हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. मामांनी घरभर आदळआपट केली, पण काटा काही मागे घेतला नाही. माया ही अशी असते. भांडण म्हणून घरात शिरते आणि भिंतीवर जाऊन बसते.

तर या व्याह्यांना घास अडकायला लागला. आधी त्यांनी तो दातांवर ढकलला, मग विहीणबाईंच्या स्वयंपाकावर. शेवटी मुलीनं, म्हणजे मामांच्या मुलीनं, सासऱ्यांना दुकानातून उठवून रुग्णालयात आणलं. नळी घालून बघितलं. जठराचा कर्करोग. आधी औषधाचे चार डोस, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषध, असं ठरलं. डोसांनी व्याही वाळून निम्मे झाले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि चिमट्यातला स्क्रू कधी निसटला तेच कळेना, तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. मामा दर रविवारी जात राहिले. वाद घालायला दुसरं कुणी नव्हतं.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी व्याही म्हणाले, "आता माझे दाणे तुमच्याकडे येणार."

"मी रजा टाकलीय," मामा म्हणाले. "आमच्यात नातेवाइकांचं काम आपण करायचं नाही असा नियम आहे. आमच्या खोलीतली छोटी करेल. हुशार आहे पोरगी."

"किती वर्षं झाली तिला?"

"आठ महिने."

व्याह्यांनी बधिर बोटं एकमेकांवर घासली. "म्हणजे आठ महिन्यांची शिकाऊ पोर माझं घड्याळ उघडणार." मग हसण्यावारी नेत म्हणाले, "असू दे. मला फक्त एवढंच कळू दे, की ते बाहेर पडलंय की आतल्या आत मेलंय. खरं काय ते कळलं की बाकीचं मी बघून घेईन."

मामा घरी आले आणि जेवले नाहीत. मामींनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. नीट झालं, असा मुलीचा फोन आला. बुधवारी मामांची रजा होती. बुधवारी सकाळी नऊला सात मिनिटं कमी असताना मामा खोलीच्या दारात उभे.

टेबलावर एकसारख्या दोन बरण्या होत्या. सर्जननी मंगळवारी दोन जठरं काढली होती. दोन्ही रोग्यांना आधी औषध झालेलं. नंबरांचे शेवटचे आकडे एक्केचाळीस आणि बेचाळीस. दोन्ही कागदांवर पट्टी बसलेली.

छोटी हातमोजे चढवत होती. ही नोकरीनं छोटी. उंचीनं मामांच्या चांगली वितभर वर. "मामा, तुम्ही रजेवर ना? बरं, आलात तर असं करू. मी पट्टी उचलून बघते. तुमच्या व्याह्यांची मी घेते, दुसरी तुम्ही घ्या."

मामा दोन्ही बरण्यांकडे बघत राहिले. पोरगी हुशार होती, पण औषधानं सुकलेले दाणे तिच्या बोटांना अजून लागत नव्हते. व्याह्यांच्या बरणीतून तिनं आठ काढले असते आणि ते आठ स्वच्छ निघाले असते, तर त्या 'आठांत रोगाचे शून्य' यावर भरवसा कुणी ठेवायचा? आणि बरणी व्याह्यांची आहे हे माहीत असताना स्वतः हात घालायचा म्हटलं, तर चित्रकलेच्या बाई आठवत होत्या.

"दोन्ही मीच करतो," मामा म्हणाले. "पट्टी कुणी उचलायची नाही. कुठली कुणाची ते मला कळलं नाही म्हणजे झालं."

मॅडम आल्या. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "मामा, नियम काय आहे?"

"नातेवाइकाच्या बरणीला हात लावायचा नाही. यातला नातेवाईक कोण ते मला कुठं माहीत आहे, मॅडम?"

मॅडमना हसूही आलं आणि रागही आला. शेवटी त्या म्हणाल्या, "कापताना मी इथंच थांबणार. आणि मायक्रोस्कोपखाली मीच बघणार." त्यांना अर्थातच दोन्ही नावं माहीत होती. पुढचे चार दिवस त्यांनी चेहरा असा ठेवला, की पासपोर्टच्या फोटोत शोभून दिसला असता. मामांनी तो चोरून वाचायचा बराच प्रयत्न केला, पण काही हाती लागलं नाही.

एक्केचाळीस नंबरनं मामांना त्रास दिला नाही. दाणे लहान होते, कडक होते, पण होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बावीस निघाले. मामांनी ते चिमुकल्या प्लास्टिकच्या डब्यांत, म्हणजे कॅसेटमध्ये भरले आणि हात धुतले.

बेचाळीस नंबरनं मात्र दुपार खाल्ली. चरबी चिवट, सगळं एकजीव झालेलं. तीन वाजता सात. चार वाजता दहा. पाचला अकरा, आणि त्यापुढं काहीच नाही. मामांची पाठ धरली. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"बारा झाले मामा!" छोटी म्हणाली.

"कसे झाले?"

तिनं कॅसेट दाखवल्या. त्यातल्या त्यात मोठा दाणा तिनं मधोमध कापला होता, तो कापायचाच असतो, पण त्याची दोन अर्धुकं तिनं दोन वेगळ्या कॅसेटमध्ये ठेवली होती. मायक्रोस्कोपखालच्या काचेवर ते दोन वेगळे दाणे दिसले असते. मामांनी एक अर्धुक उचललं आणि दुसऱ्याशेजारी, त्याच्या जोडीदाराच्या कॅसेटमध्ये ठेवलं. ते ओरडले नाहीत म्हणून छोटी जास्तच घाबरली.

"अगं, आत रोग असता तर कागदावर या माणसाचे एकाचे दोन झाले असते," ते म्हणाले. "आणि नसता, तर उगीच एक शाबासकी जास्त मिळाली असती. मीही केलं होतं हे, तुझ्याएवढा असताना. या टेबलावर आलेला प्रत्येक जण एकदा करतो. दुसऱ्यांदा करायचं नाही."

म्हणजे अकराच. मामांनी डाव्या हाताचा मोजा काढला. "बाकीचे औषधानं..." असं म्हणाले आणि तिथंच थांबले.

समजा, बेचाळीस व्याह्यांची असेल तर?

उघडा हात तसाच हवेत राहिला. वाक्य तेच होतं, चौतीस वर्षांत कितीदा म्हटलेलं. आज ते मनातल्या मनात व्याह्यांच्या तोंडावर म्हणून बघितलं तर पळवाटेसारखं वाटलं. मामांनी मोजा पुन्हा चढवला आणि छोटीला स्टूल घ्यायला लावून कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवरून एक बाटली काढवली. त्या द्रावणात चरबी रात्रभर ठेवली की काचेसारखी आरपार होते आणि दाणे पांढरे उठून दिसतात. काम वेळखाऊ, वास डोक्यात जाणारा. म्हणून ती बाटली वर्षातून एखाद्या वेळीच खाली यायची. तिच्यावर धूळ होती.

गुरुवारी सकाळी बेचाळीसची चरबी दिव्यासमोर धरली तर खरंच आरपार दिसत होती. छोटी काप धरायची, मामा बघायचे आणि मग डोळे मिटून बोटानं खात्री करायचे. एक. दोन. तिसरा नुसता रक्तवाहिनीचा तुकडा निघाला. छोटीचे डोळे वासानं लाल झाले, पण ती हलली नाही. दुपारपर्यंत असे सात दाणे निघाले. त्यातला एक तिळाच्या निम्मा होता. आधीचे अकरा धरून एकूण अठरा. मामांनी कुलपातला बिस्किटांचा डबा काढला आणि छोटीपुढं ठेवला. विभागात त्यानंतर आठवडाभर हीच बातमी होती.

शनिवारी काचा तयार झाल्या. मॅडमच्या मायक्रोस्कोपला दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल अशी सोय आहे. मामा समोर बसले.

"एक्केचाळीस," मॅडम म्हणाल्या. "हा बघा. मध्ये हा फिकट पट्टा दिसतो? इथं रोग होता. औषधानं मारला. आता नुसता व्रण उरलाय. जिवंत पेशी एकही नाही, म्हणून हा स्वच्छ धरायचा." असे व्रण चार दाण्यांत होते. जिवंत रोग एकातही नव्हता. बावीसपैकी शून्य.

मग बेचाळीस. पहिले अकरा दाणे स्वच्छ. मग नंतरच्या सातांची काच आली. मॅडमचा हात थांबला. तिळाच्या निम्म्या दाण्यात, एका कडेला, गडद पेशींचा एक पुंजका बसला होता. जिवंत.

"अठरापैकी एक," मॅडम म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "अकरावर थांबलो असतो तर मी शून्य लिहिलं असतं, मामा."

मामा उठले आणि बोळातल्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारून आले. त्यांच्या मनानं निकाल देऊन टाकला होता. जी बरणी चिवट, जिनं छळलं, जी शेवटपर्यंत वाद घालत राहिली, ती व्याह्यांचीच असणार. मॅडमनी अहवालावर सही केली आणि म्हणाल्या, "आता पट्टी काढून बघितलीत तरी चालेल." मामांनी नकारार्थी मान हलवली आणि कोट अडकवून घरी गेले.

रविवारी ते वॉर्डात गेले नाहीत. सर्दी झाली असं मुलीला कळवलं. "काय मामा," मामी म्हणाल्या, "व्याही पोट फाडून पडलेत आणि तुम्हाला सर्दी?" मामांनी चहा स्वतः करून घेतला आणि तो तसाच गार होऊ दिला. आपल्याच बोटांनी शोधून काढलं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं. बोटांकडे बघवत नव्हतं.

सोमवारी अहवाल वॉर्डात गेला. भेटण्याच्या वेळेला मामा पायऱ्या चढून वर गेले. लिफ्ट लवकर पोचवते म्हणून.

व्याही उशांना टेकून बसले होते. गालफडं बसलेली, नाकात नळी नाही, डोळे मात्र पूर्वीसारखे टपोरे. "या! गेली का सर्दी? सात मिनिटं उशीर झाला तुम्हाला. घरचं घड्याळ मागे घेतलंत वाटतं."

"काय म्हणाले डॉक्टर?" मामांनी विचारलं.

"बावीसपैकी शून्य. चार ठिकाणी म्हणे नुसते व्रण आहेत. होतं, पण जागच्या जागी मेलं."

मामा कॉटच्या कडेवर बसले, आणि बसले ते हमसून रडायलाच लागले. विहीणबाईंनी घाईघाईनं रुमाल पुढे केला. व्याही गोंधळले. "अहो, शून्य आलंय शून्य! शून्य कळतं ना? परीक्षेतलं नव्हे हे!" मग तोच रुमाल त्यांनी मामांच्या हातून ओढून घेतला आणि स्वतःचेही डोळे पुसले.

जरा शांत झाल्यावर व्याह्यांनी डोळ्यांनी शेजारच्या कॉटकडे खूण केली आणि हळूच म्हणाले, "त्याचं माझ्याच दिवशी झालं. बेकरीत कामाला आहे. अठरापैकी एक निघाला. सकाळपासून बोललेला नाही."

चौतीस वर्षांत मामांनी पट्टीखालचा माणूस असा कधी बघितला नव्हता. चाळिशीतला, रुंद पंजांचा, भिंतीकडे तोंड करून पडलेला. शेजारी स्टुलावर त्याची बहीण त्याचे पायमोजे घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती.

तो वळला. वॉर्डभर व्याह्यांनी मामांची जाहिरात करून ठेवलेलीच होती. "तुम्ही त्या खालच्या खोलीतले ना?" त्यानं विचारलं. "एक विचारू? तो एक सापडला नसता तर बरं झालं असतं, नाही का?"

"नाही," मामा म्हणाले. "सापडला नसता तरी तो होताच. आता डॉक्टरांना माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. शून्य लिहिलं असतं तर पुढचे डोस कदाचित कंटाळून अर्ध्यावर सोडले असतेत. आता सोडू नका."

"नाही सोडायचा तो," बहीण म्हणाली.

बेकरीवाल्यानं उशीवरून मान जरा वर केली. "केवढा होता?"

"तिळाच्या निम्मा."

"एवढासा? मग सापडला कसा तुम्हाला?"

मामा स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले. व्याह्यांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "चला व्याही, मला चालवून आणा. डॉक्टरांनी दिवसातून चार फेऱ्या सांगितल्यात."

दोघं बाहेरच्या लांब व्हरांड्यात आले. व्याह्यांच्या एका हातात सलाइनचा स्टँड, दुसऱ्या हाताला मामा. स्टँडचं एक चाक करकरत होतं आणि दर चार पावलांनी व्याही त्याच्याकडे रागानं बघत होते. "तेलाचा एक थेंब, बस. इतकी माणसं आहेत इथं, कुणाला ऐकू येत नाही."

मामांनी मग सगळं सांगितलं. दोन बरण्या, पट्टी, अकरावर काढलेला मोजा. "मी झाकण लावत होतो, व्याही. तुमची असेल असं वाटलं म्हणून परत उघडली. मी त्याला शोधलं नाही, तुम्हाला शोधलं. तो विचारतो सापडला कसा. काय सांगू? आणि आजवर किती बरण्यांना 'औषधानं खाल्ले' म्हणून झाकण लावलं असेल मी? वर सगळ्यांना सांगत फिरायचो, इथं वशिला चालत नाही."

चाक करकरत राहिलं. व्याही व्हरांड्याच्या टोकाला जाऊन वळले.

"म्हणजे त्या बिचाऱ्याला माझा वशिला लागला तर," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. हसताना टाके ओढले म्हणून त्यांनी पोटावर हात दाबून धरला आणि तसेच हसत राहिले. मग थांबून, दम घेऊन, मामांचा दंड त्यांनी आपल्या बधिर बोटांनी चाचपून घट्ट धरला.

"मग बाकीच्यांना पण लावा की. मी कुठं नाही म्हणतोय?"

मामा नोकरीत अजून दोन वर्षं आहेत. व्याह्यांनी पुढचे डोस संपवले. दुकान दुपारच्या वेळी तेवढं उघडतं. मुंग्या कमी झाल्या आहेत, पण बारीक स्क्रू आता जावई बसवतो. मामांच्या कागदांवरची पट्टी आजही आहे. नाव ते आजही बघत नाहीत.

परवा एका बरणीत तेरावर गाडी अडली. छोटीनं पाठ सरळ केली आणि एक मोजा काढत विचारलं, "मामा, बाकीचे औषधानं खाल्ले म्हणायचं?"

"बाटली काढ," मामा म्हणाले. "ही वशिल्याची आहे."

"कालचीही होती."

"होती."

छोटीनं स्टूल ओढलं नाही. बाटली आता वरच्या फळीवर नसते. ती टेबलाच्या कडेलाच असते, हाताशी, आणि तिच्यावर धूळ नाही.